बर्कली, जून १९५६ : एक आरंभरेषा आणि दोन महाविद्यालये



या व्याख्यानमालेत संतसाहित्य झाले, भाषाशास्त्र झाले, मराठेशाहीही झाली. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक अमेरिकेतल्या धावण्याच्या शर्यतींवर बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काही भुवया उंचावल्या असतील. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही माला चालते ते गुरुजी या शाळेत व्यायामशिक्षक होते, एवढे कारण मला पुरेसे वाटते. शिवाय इतिहास केवळ बखरींत आणि तहनाम्यांतच असतो असे नाही. खेळाच्या स्पर्धेचा गुणतक्ताही दफ्तरातल्या कागदासारखा वाचता येतो. नावांच्या मागे काय दडले आहे ते पाहण्याची सवय मात्र हवी.

मी आज जो कागद वाचणार आहे तो जून १९५६ चा आहे. कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली येथे, तेथील विद्यापीठाच्या एडवर्ड्स स्टेडियमवर, अमेरिकेतील महाविद्यालयांची राष्ट्रीय मैदानी अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन' ही संस्था १९२१ पासून ही स्पर्धा भरवीत आली. पहिली शिकागोला झाली. धावणे, उड्या आणि फेकी यांत पहिल्या काही क्रमांकांना गुण मिळत, आणि त्यांची बेरीज महाविद्यालयाच्या खात्यावर जमा होई. आपल्याकडील आंतरशालेय सामन्यांसारखेच हे. फरक एवढाच की, ज्या देशात सरकार खेळाडू घडवीत नाही त्या देशात ऑलिंपिकचा संघ बहुतांशी महाविद्यालयांच्याच मैदानांवर तयार होतो. त्या वर्षअखेर मेलबर्नला ऑलिंपिक व्हायचे होते, म्हणून यार्ड बाजूला ठेवून बर्कलीला शर्यती मीटरांत घेतल्या गेल्या. ऑलिंपिकच्या वर्षी तशी प्रथाच होती.

सांघिक निकाल लवकर सांगून टाकतो. १९४९ पासून सलग सात वर्षे हे अजिंक्यपद सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होते. १९५६ मध्ये ते त्यांच्याच शहरातल्या प्रतिस्पर्ध्याकडे, म्हणजे लॉस एंजेलिसच्या यूसीएलएकडे गेले, आणि मैदानी खेळांत हे त्या संस्थेचे पहिलेच राष्ट्रीय अजिंक्यपद. गुण ५५.७, दुसऱ्या क्रमांकावरील कॅन्ससचे ५१. दशांश चिन्ह पाहून कोणी बुचकळ्यात पडू नये. उडीत बरोबरी झाली की गुण वाटून दिले जात. यूसीएलएच्या यशात रेफर जॉन्सन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा वाटा मोठा होता. लांब उडी आणि अडथळ्यांची शर्यत या दोन्हींत तो दुसरा आला. पुढे १९६० साली रोमला डेकॅथलॉनचे सुवर्णपदक त्याने मिळवले. १५०० मीटर जिंकली रॉन डेलनी या आयरिश तरुणाने. तो फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हाचा विद्यार्थी, आणि त्याच वर्षी मेलबर्नला तो ऑलिंपिक विजेता झाला.

पण माझी नजर खिळते ती दुसऱ्याच दोन नावांवर. १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या बॉबी मॉरो याने. ११० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली ली कॅलहून याने. मॉरो टेक्सासमधला, शेतकरी घरातला गोरा मुलगा. तो ॲबिलीन ख्रिश्चन कॉलेजचा विद्यार्थी होता. कॅलहून कृष्णवर्णीय. जन्म मिसिसिपीतला, १९३३ चा. वाढला उत्तरेकडच्या इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात. आणि शिकायला मात्र पुन्हा दक्षिणेत, डरहॅम येथील नॉर्थ कॅरोलायना कॉलेजात आला. हे कॉलेज कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले. त्याचे प्रशिक्षक लिरॉय वॉकर हेही कृष्णवर्णीय. पुढे १९९२ मध्ये ते अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्या पदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

आता हा कागद जरा उजेडात धरून पाहा. मॉरोच्या कॉलेजात त्या वर्षी कॅलहूनला प्रवेश मिळाला नसता. ॲबिलीनची दारे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडली ती १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. मॉरोला दोष देण्याचा माझा हेतू नाही. वीस वर्षांच्या मुलाने कॉलेजचे नियम केलेले नसतात. सांगायचे ते एवढेच की, दोन संस्थांचे विद्यार्थी एका वर्गात बसणे अशक्य असताना एका मैदानावर, एका पिस्तुलाच्या आवाजावर, एकाच तक्त्यात नाव लागण्यासाठी धावत होते. गुण मोजणाऱ्या पंचाला रंगाचा रकाना नव्हता.

आणि वर्ष कोणते? शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे १९५४ चा. तो कागदावर राहिला होता. फेब्रुवारी १९५६ मध्ये ऑथरीन लूसी ही कृष्णवर्णीय तरुणी न्यायालयाच्या हुकमाने अलाबामा विद्यापीठात दाखल झाली. तीनच दिवस ती वर्गांना जाऊ शकली. जमावाने दंगल केली, आणि विद्यापीठाने जमावाला नव्हे, तिलाच निलंबित केले; महिनाअखेर काढून टाकले. कारण दिले होते तिच्या सुरक्षिततेचे! त्याच अलाबामातील मॉन्टगोमेरीत डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णीय नागरिकांचा बसबहिष्कार चालू होता. बर्कलीला शर्यती झाल्या तेव्हाही हजारो माणसे कामावर पायी जात होती. त्यांच्या चालण्याला कोणी घड्याळ लावले नव्हते.

मेलबर्नला जे झाले ते या कागदाचे पुढचे पान. मॉरोने तीन सुवर्णपदके जिंकली. तिसरे ४ × १०० मीटर रिलेचे, ३९.५ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. त्या चौघांत आयरा मर्चिसन आणि लीमन किंग हे कृष्णवर्णीय, थेन बेकर आणि मॉरो हे गोरे. कॅलहूनने अडथळ्यांची शर्यत १३.५ सेकंदांत जिंकली. दुसऱ्या आलेल्या जॅक डेव्हिसची वेळही तीच; निकाल छायाचित्रावरून द्यावा लागला. बिचाऱ्या डेव्हिसचे १९५२ मध्ये हेलसिंकीलाही अगदी असेच झाले होते. परंतु मला अधिक बोलका वाटतो तो तिसरा क्रमांक. तो जोएल शँकल याचा, आणि शँकल ड्यूक विद्यापीठाचा. ड्यूक कोठे आहे? डरहॅमलाच. म्हणजे एकाच गावातले दोघे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका चौथऱ्यावर उभे राहिले. गावात मात्र कॅलहूनला ड्यूकचे विद्यार्थी होता येत नव्हते. तेथे पदवीच्या वर्गांत पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले ते १९६३ साली.

जाता जाता आपल्या देशाशी जुळणारा एक धागा. मेलबर्नला ४०० मीटरचे सुवर्णपदक मिळवणारा चार्ल्स जेंकिन्स हाही कृष्णवर्णीय, आणि डेलनीप्रमाणेच व्हिलानोव्हाचा. प्राथमिक फेरीतच बाद झालेल्या मिल्खासिंगांनी त्याला गाठून सरावाची पद्धत विचारली आणि त्याने ती हातचे न राखता सांगितली, ही हकिकत सर्वज्ञात आहे. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, मिल्खासिंगांनी कार्डिफला राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले.

कॅलहूनचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. तो आणि त्याची वधू दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात गेले, तेथे त्यांना संसारोपयोगी भेटवस्तू मिळाल्या, आणि हौशी खेळाडूने असा लाभ घेतला म्हणून त्याच्यावर बंदी आली. लग्नाचा आहेरही त्या काळच्या हौशीपणाच्या सोवळ्यात बसत नव्हता, हे आजच्या खेळाडूंना खरे वाटणार नाही. बंदी उठल्यावर तो परतला आणि १९६० मध्ये रोमला पुन्हा पहिला आला. ही शर्यत ऑलिंपिकमध्ये दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

मधले एक वर्ष मी मुद्दाम मागे ठेवले होते. जून १९५७ मध्ये हीच महाविद्यालयीन स्पर्धा टेक्सासची राजधानी ऑस्टिन येथे भरली. या वेळी सांघिक अजिंक्यपद व्हिलानोव्हाने पटकावले. मॉरोने आपल्या दोन्ही शर्यती पुन्हा जिंकल्या, कॅलहूनने आपली. स्पर्धा टेक्सास विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमवर झाली. त्या विद्यापीठाने पदवीच्या वर्गांत कृष्णवर्णीयांना प्रवेश देऊन तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. पाहुणा म्हणून आलेला कॅलहून त्या मैदानावर राष्ट्रीय विजेता ठरला. पण त्याच विद्यापीठाची फी भरून शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाला विद्यापीठाचा गणवेश घालून तेथे धावायची परवानगी नव्हती. ती बंदी उठली नोव्हेंबर १९६३ मध्ये.