मागच्या रांगेपर्यंत: लॅपटॉप, स्पीकर आणि आवाजाच्या मापांचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं स्पीकरच्या वायरीत हात कशाला घालायचा? विचारणं रास्त आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात ज्या छोट्या सभा, वाचनकट्टे, ज्येष्ठ नागरिक संघांचे कार्यक्रम होतात, तिथे एक प्रसंग हमखास दिसतो. लॅपटॉपवर एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावायचं असतं. शेजारी ऐटदार स्पीकर उभा असतो, ज्याच्या खोक्यातच अ‍ॅम्प्लिफायर असतो तो, पॉवर्ड स्पीकर. वायर जोडली जाते, लॅपटॉपचा आवाज शंभरावर नेला जातो, आणि बाहेर येतं ते काय? विहिरीच्या तळातून कुणीतरी बोलावं तसं काहीतरी. मग सगळे त्या स्पीकरला दोष देतात. पुढच्या वेळी आणखी मोठा स्पीकर भाड्यानं आणतात. तोही तसाच वागतो.

आमचं म्हणणं असं, की यात बहुतेक वेळा शक्ती कमी पडलेली नसते. दोन यंत्रांचा आपसात करार झालेला नसतो. आणि हा करार का होत नाही, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

सुरुवात घरापासून करू. नाशिकची वसंत व्याख्यानमाला १९२२ साली सुरू झाली. गोदाकाठी, उघड्या आकाशाखाली. त्या काळी आपल्याकडे ध्वनिक्षेपक सर्रास नव्हते. वक्त्याला आवाज फेकावा लागे. उघड्या जागेत भिंती नसतात, म्हणजे आवाज परतून मदतीला येत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. पाच मीटरवर जे ऐकू येतं ते चाळीस मीटरवर अठरा डेसिबलनं कमी. म्हणून जुने कीर्तनकार आणि वक्ते सावकाश बोलत, वाक्य तोडून बोलत, शेवटचं अक्षर गिळत नसत. ती नुसती शैली नव्हती, ते त्या काळचं ध्वनितंत्रच होतं. पंचवटीत रामनाम आधार आश्रम चालवणारे विष्णु दिगंबर पलुस्कर ज्या पिढीचे, त्या पिढीचं गाणंही असंच विनामाईकच्या मैफलीत घडलेलं.

याच नाशिकमध्ये दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, म्हणजे मूकपटांचा जमाना. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडदा बोलू लागला. फाळक्यांचा स्वतःचा बोलपट एकच, १९३७चा 'गंगावतरण'. मूकपटाचा इतका मोठा कलावंत ध्वनीच्या युगात मागे पडला. आवाज आला की जुनी सगळी मापं बदलतात, हे आपल्या गावानं जवळून पाहिलेलं आहे.

आता ही मापं आली कुठून? बरं का, ती आली टेलिफोनमधून. हेडफोनची जी पिन आपण लॅपटॉपमध्ये खुपसतो, तिचा जाडजूड पूर्वज १८७८च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजच्या फळ्यावर जन्मला. ऑपरेटर एका भोकातून पिन काढून दुसऱ्यात घालत, तीच ही पिन. टेलिफोनवाल्यांनी ठरवलं, की सहाशे ओहमच्या तारेवर एक मिलिवॅट ही आपली मूळ पातळी. हिशेब केला तर ती ०.७७५ व्होल्ट येते. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या फळ्याची आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तारेची सावली आजही आपल्या स्पीकरच्या पाठीवर छापलेली असते. डेसिबल हे एककही टेलिफोन कंपनीच्याच लोकांचं. ग्रॅहॅम बेलच्या नावावरून 'बेल', आणि त्याचा दहावा भाग तो डेसिबल.

आणि इथे आमच्या विषयाचा संबंध येतो. डेसिबल हे गुणोत्तराचं माप आहे, बेरजेचं नाही. असं का? कारण कान तसाच आहे. हे नेटकेपणानं मांडलं लाइपझिगच्या गुस्टाव्ह फेश्नर यांनी, १८६०च्या ग्रंथात. ते आधी भौतिकीचे प्राध्यापक, मग तत्त्वज्ञानाकडे वळलेले. उद्दीपन पटीत वाढावं लागतं तेव्हा संवेदना पायरी-पायरीनं वाढते, असं त्यांचं सूत्र. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्त्या केल्या, पण व्यवहारात एक ठोकताळा टिकला आहे: आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, आणि दहा डेसिबल म्हणजे दहा पट शक्ती. पन्नास वॉटचा स्पीकर परत करून पाचशे वॉटचा आणला, तर आवाज फक्त दुप्पट वाटणार. दहा पट नाही. मोठा स्पीकर आणूनही निराशा का होते, त्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी पुढे जाऊ. १९१५च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोत जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी कर्ण्यातून आवाज गर्दीवर सोडून दाखवला. १९१९ साली सॅन दिएगोत अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सुमारे पन्नास हजारांच्या जमावाशी याच साधनानं बोलले. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी शंकूचा पडदा आणि त्याला जोडलेलं तारेचं वेटोळं अशी रचना सिद्ध केली. आजच्या आपल्या स्पीकरचं पोट आतून तसंच आहे. आपल्याकडे मुंबईचं नभोवाणी केंद्र १९२७च्या जुलैत सुरू झालं.

पण ध्वनीची दुनिया वाढली तशी तिची दोन घराणी झाली. एक स्टुडिओचं, दुसरं घरगुती. स्टुडिओवाल्यांनी १९३९ साली सुईचा व्हीयू मीटर प्रमाण मानला. तो मीटर तारेवर भार टाकू नये म्हणून त्याच्याआधी एक रोधक घालावा लागला, त्यामुळे वाचन चार डेसिबलनं खाली आलं. म्हणून मीटरवरचं शून्य हे प्रत्यक्षात 'अधिक चार' ठरलं. १.२२८ व्होल्ट. घरगुती रेकॉर्डप्लेअर, कॅसेट डेक यांना इतकं परवडत नव्हतं. त्यांची पातळी 'उणे दहा', म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोहोंत अंतर सुमारे बारा डेसिबलचं.

आता तुमच्या पॉवर्ड स्पीकरच्या पाठीशी वाकून पाहा. पुष्कळ स्पीकरवर एक छोटं बटण असतं: '+४' आणि '-१०'. बहुतेकांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो. तो अर्थ म्हणजे आत्ता सांगितलेला हा सगळा इतिहास. स्पीकर '+४'वर असेल तर तो स्टुडिओच्या दमदार संकेताची वाट पाहत बसतो. लॅपटॉप हा घरगुती घराण्याचा, त्याचं भोक मुळात कानाला लावायच्या हेडफोनसाठी केलेलं. तो कुजबुजतो. बटण '-१०'वर सरकवलं, की तोच संकेत जवळजवळ चौपट व्होल्टेजचा असल्यासारखा घेतला जातो. शक्तीच्या भाषेत पंधरा पट. जे काम पंधरा पट वॉटचा स्पीकर आणून झालं असतं, ते एका बोटानं होतं, आणि फुकट.

दुसरं एक दुखणं याहून गमतीचं आहे. शहरातल्या एका कार्यक्रमात आम्ही बसलो होतो. एका जुन्या गायकाचे अभंग लॅपटॉपवरून लावायचे होते. आवाज लागला तो असा, की हार्मोनियम आणि टाळ बारीक ऐकू येतात, सभागृहाचा घुमारा ऐकू येतो, आणि गायकच नाही! साउंडवाला बिचारा बटण वाढवत राहिला, त्याबरोबर घरघर वाढली. शेवटी तो भाग गाळला गेला. मागे बसलेली काही वृद्ध मंडळी केवळ त्या अभंगांसाठी आलेली होती.

हे का घडतं? पुन्हा टेलिफोन. लांबच्या तारेत आजूबाजूची खरखर शिरते. यावर उपाय निघाला, की एकच संकेत दोन तारांवरून पाठवायचा, एकावर सुलटा, एकावर उलटा. शेवटी यंत्र दोहोंची वजाबाकी करतं. खरखर दोन्ही तारांत सारखीच शिरलेली, ती वजा होऊन जाते, संकेत उरतो. याला बॅलन्स्ड इनपुट म्हणतात. पण लॅपटॉपच्या पिनेतल्या दोन तारांवर असतात डावा आणि उजवा आवाज. गायक मधोमध ध्वनिमुद्रित केलेला, म्हणजे दोन्हींत अगदी सारखा. ती पिन सरळ बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली, की स्पीकर गायकालाच खरखर समजतो आणि वजा करून टाकतो. उरतो तो दोन बाजूंमधला फरक, म्हणजे टाळ, घुमारा. यंत्र बिघडलेलं नाही. ते आपलं शंभर वर्षांपूर्वी शिकवलेलं काम इमानानं करतंय.

ओळखायची खूण सोपी आहे. पिन थोडीशी बाहेर ओढल्यावर आवाज एकदम भरून आला, तर दुखणं हेच. पण पिन तशी अर्धवट ठेवून कार्यक्रम करू नये. एका टोकाला लॅपटॉपची पिन आणि दुसऱ्या टोकाला डावी-उजवी अशा दोन वेगळ्या पिना असलेली वायर घ्यावी, त्या दोन स्पीकरला किंवा मिक्सरच्या दोन खिडक्यांना द्याव्या. स्पीकर एकच असेल तर मध्ये छोटा मिक्सर ठेवावा. लॅपटॉपमध्ये आवाज 'मोनो' करून इथे काही साधत नाही, उलट सगळंच वजा होऊन शांतता पसरते.

आता क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की सगळंच चुकतं. उगमापासून समुद्राकडे जायचं, उलटं नाही. पहिलं, मूळ ध्वनिमुद्रणच क्षीण आहे का? लॅपटॉपला हेडफोन लावून ऐका. क्षीण असेल तर व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये आवाज शंभराच्या पुढे नेता येतो. दुसरं, प्लेअरचा किंवा ब्राउझरमधल्या व्हिडिओचा स्वतःचा आवाज पूर्ण आहे का? तिसरं, विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या अ‍ॅपची पट्टी खाली तर नाही? चौथं, साउंडच्या जुन्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचा कप्पा असतो. संगणकाला वाटलं की फोनसारखं संभाषण चालू आहे, तर बाकीचे आवाज तो ऐंशी टक्क्यांनी उतरवतो. तिथे 'डू नथिंग' निवडायचं. ऑनलाइन सभा चालू ठेवून ध्वनिमुद्रण लावणाऱ्यांना हा त्रास फार होतो. पाचवं, पिन पूर्ण आत गेली आहे का? ब्लूटूथ असेल तर लॅपटॉपचा आणि स्पीकरचा, दोन्ही आवाज वेगवेगळे पाहावे. सहावं, स्पीकरवरची खिडकी 'माइक' नव्हे तर 'लाइन' आहे ना? आवाज कमी म्हणून माइकच्या खिडकीत लॅपटॉप घालतात, तेव्हा आवाज वाढतो खरा, पण फाटतो. सातवं, ते '+४, -१०'.

हे झाल्यावर स्पीकरचं बटण अगदी खाली घ्यावं, लॅपटॉपचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवावा, आणि मग स्पीकर हळूहळू वर आणावा. उगमाशी संकेत भरपूर असला, की शेवटी फार वाढवावं लागत नाही आणि घरघरही वाढत नाही.

इतकं करूनही एक गोष्ट उरते. वय झाल्यावर कान आधी उंच स्वर सोडतो. स, त, क, फ ही व्यंजनं तिथेच राहतात. म्हणून म्हातारा माणूस म्हणतो, 'आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत.' त्याच्यासाठी आवाज नुसता वाढवून उपयोग नाही, अंतर कमी करायला हवं. मंचाशेजारी एक राक्षस उभा करण्यापेक्षा दोन लहान स्पीकर सभागृहाच्या मध्यावर ठेवावे. शेजाऱ्यांनाही ते बरं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी.

आपल्या शहरातलं वाचनालय १८४०चं, आणि ते 'सार्वजनिक' हे नाव मिरवतं. या शब्दाचा अर्थ दार उघडं असणं एवढाच नाही. दारातून आत आलेल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचणं हाही त्याचाच अर्थ. ऐकू न आलेला श्रोता तक्रार करत नाही. तो पुढच्या वेळी येत नाही, एवढंच. सभा ओस का पडतात याची कारणं आपण वाचनसंस्कृतीत, मोबाइलमध्ये, तरुण पिढीत शोधतो. त्यांतलं एखादं कारण स्पीकरच्या पाठीवरच्या बटणातही असू शकतं.

तेव्हा आयोजकांना विनंती एवढीच, की कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी ध्वनिमुद्रण लावून एकानं शेवटच्या रांगेत जाऊन बसावं. शक्यतो सत्तरी ओलांडलेल्यानं. त्याला शब्द कळले, तर सभा सुरू करायला हरकत नाही.

आता कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.