वेगळ्या मनाची माणसे आणि आपला प्रदेश

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य मध्यप्रदेशाचे, पण सावरगावसारख्या खेड्यांतून कानी पडते ती मराठीच. याच मुलखात सौंसरजवळ जामसावळीचा निद्रिस्त हनुमान आहे. पिंपळातळी पहुडलेल्या मूर्तीच्या नाभीतून पाझरणारे जल तीर्थ म्हणून घ्यावे, आणि ज्याचे चित्त ठिकाणावर नाही असे घरच्यांना वाटते त्याला मारुतीच्या पायांशी आणून ठेवावे, यासाठी दूरदूरची कुटुंबे येथे मुक्कामाला येतात. त्यांच्या श्रद्धेशी आम्हांस वाद घालावयाचा नाही. परंतु अशा क्षेत्री येणाऱ्या सर्वांचे दुःख एकाच जातीचे नसते. काहींना व्याधी जडलेली असते. काही मात्र जन्मतःच वेगळ्या घडणीचे असू शकतात.

या दुसऱ्या वर्गाला आज स्वमग्न म्हणतात. डोळ्यांला डोळा न देणे, गलबल्याने कासावीस होणे, एकच गोष्ट पुनःपुन्हा करणे, शब्दांमागचा आडपडदा न कळणे ही त्यांची लक्षणे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा या अवस्थेस वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळू लागले. त्यापूर्वी अशी माणसे नव्हती असे थोडेच आहे? ती होती, त्यांना नाव तेवढे नव्हते.

या प्रदेशाने अशा वेगळेपणाकडे पूर्वी कसे पाहिले, याची एक जुनी साक्ष सीमेपलीकडे, मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपूर येथे सापडते. तेराव्या शतकातील गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, यांचे म्हाइंभटांनी लिहिलेले चरित्र उपलब्ध आहे. राऊळ पोरांत पोर होऊन खेळत, देवळातील मूर्तींशी बोलत, कोणाच्याही घरी जाऊन जेवत, हवे ते न मिळाल्यास रुसत. कित्येक त्यांना वेडे म्हणत. महानुभावांच्या श्रद्धेने ते परमेश्वराचा अवतार आहेत. त्यांना आजच्या वैद्यकातले नाव चिकटविणे अनुचित, किंबहुना अडाणीपणाचे होईल. आमचे लक्ष आहे ते त्या गावाकडे. गाव वैतागले, हसले, क्वचित घाबरले. पण त्याने राऊळांना जेवू घातले आणि आपल्यातच ठेवले.

पुढे इंग्रजी अमलात १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला आणि १८६४ साली नागपुरास असे इस्पितळ उभे राहिले. ताजुद्दीन बाबांना १८९२ साली तेथेच ठेवण्यात आले होते. १९०८ साली राजे रघोजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आणले. राजाने हमी घेतली म्हणून ते सुटले. ज्यांना राजा नव्हता त्यांचे काय झाले, हे कोणत्या बखरीत नाही.

त्याच सुमाराचा १८६० चा दंडविधान. त्याच्या कलम ३०९ ने आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्यास एक वर्षापर्यंत कैद सांगितली. दुःखी माणसाला मदत मागण्याची वाट यानेच बंद झाली. घरचेही फौजदाराच्या भीतीने गप्प बसत. १९८६ साली मुंबईतील एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला, परंतु १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावयास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही. स्वमग्नतेचे नाव मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात प्रथम आले. १९८० पर्यंत वैद्यकाच्या अधिकृत वर्गीकरणातही ती बालपणीच्या मनोविकारातच मोजली जात असे.

हे दोन धागे एकत्र विणले गेले ते फार उशिरा. २०१४ साली केंब्रिजच्या चिकित्सालयात, प्रौढपणी प्रथमच निदान झालेल्या ३७४ व्यक्तींना विचारले, तेव्हा शेकडा ६६ जणांनी जीव देण्याचे विचार मनात आल्याचे सांगितले. स्वीडनमधील २०१६ च्या पाहणीत स्वमग्नांत आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सातपटींहून अधिक आढळले. पुढील अभ्यासांत याचा संबंध एका गोष्टीशी वारंवार दिसला : आपले वेगळेपण लपवून चारचौघांसारखे वागण्याचा आयुष्यभराचा शीण. ऋद्धिपूरच्या राऊळांना तो शीण तरी पडला नाही.

यात आणखी एक पेच आहे. स्वमग्न मनुष्य मरणाची गोष्टही सपाट स्वरात, डोळ्यांत टिपूस न आणता सांगू शकतो, आणि ऐकणाऱ्यास ती खरी वाटत नाही. क्षेत्रस्थानी पहिला ऐकणारा बहुधा पुजारी असतो, नाहीतर धर्मशाळेचा व्यवस्थापक. ‘जीव द्यावासा वाटतो काय’ असे सरळ विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत संशोधनात निराधार ठरली आहे. तेव्हा विचारावे, उत्तर खरे मानावे, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. ‘टेलिमानस’ ही शासनाची १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथे हिंदीप्रमाणेच मराठीतही बोलता येते.