स्वरजुळणी व्यवसायातील हिशेबव्यवस्था

पियानो, ऑर्गन, हार्मोनियम इ. वाद्यांचे सूर लावण्याचा व त्यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय स्वतंत्रपणे करणाऱ्या कारागिराच्या जमाखर्चाची व कामाच्या नोंदींची व्यवस्था. वहीपासून संगणकीय आज्ञावलीपर्यंत (सॉफ्टवेअर) सर्व साधनांचा तीत अंतर्भाव होतो.

महाराष्ट्रात जमाखर्च लिहिण्याची परंपरा जुनी आहे. पेशवाईच्या दप्तरांत दररोजची जमा व खर्च रोजकिर्दीत मोडी लिपीत लिहीत. व्यापारी पेढ्यांत किर्दीवरून खतावणीत प्रत्येकाचे खाते उतरवून घेत. यूरोपात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन लूका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापून प्रसिद्ध केले. या पद्धती राज्यकारभार व व्यापार यांच्या गरजांतून वाढल्या. वस्तू, रक्कम आणि देणेकरी-घेणेकरी हे त्यांचे घटक होत. वाद्याच्या प्रकृतीला त्यांत जागा नव्हती. ती कारागिराच्या स्मरणात किंवा त्याच्या टाचणवहीत राही.

हीच टाचणवही या व्यवसायाचे खरे भांडवल होय. पियानोत सुमारे २३० तारा असतात. पावसाळ्यातील दमट हवेने त्याची ध्वनिफळी फुगून सूर चढतात व कोरड्या हवेत ते उतरतात. त्यामुळे मुंबईसारख्या शहरात, जेथे फुर्टाडो ही वाद्यविक्रीची पेढी १८६५ पासून आहे, एकच पियानो वर्षातून एकाहून अधिक वेळा लावावा लागणे स्वाभाविक आहे. १९३९ च्या लंडन येथील परिषदेने ठरविलेल्या सेकंदास ४४० कंपनांच्या मानापेक्षा वाद्य मागील खेपेस किती उतरले होते, कोणती तार बदलली, कोणती खुंटी सैल होती, हे ठाऊक नसेल, तर जुन्या तारा एकदम ताणल्या जाऊन तुटण्याचा धोका असतो. हार्मोनियमचे तसेच आहे. त्याच्या धातूच्या पत्तीचे टोक घासले की सूर चढतो व मुळाशी घासले की उतरतो. परंतु घासलेला धातू परत येत नाही. कोणती पत्ती किती वेळा घासली, याची नोंद नसलेला पुढचा कारागीर आंधळेपणानेच काम करतो.

भंडारा जिल्ह्यातील करडी हे गाव ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथे पियानोपेक्षा नाटकातील हार्मोनियम व ऑर्गन यांचे महत्त्व अधिक. तेथील नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन साधारणतः होळीपर्यंत चालतो. अशा भागातील कारागिराला वर्षाच्या ताळेबंदाइतकीच हंगामापूर्वीच्या कामांची तारीखवार यादी उपयोगी पडते.

संगणकीय हिशेबाचा आरंभ मात्र व्यापाराच्याच अंगाने झाला. १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ ही तक्त्यांची आज्ञावली निघाली. भारतात श्यामसुंदर गोएंका हे गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवीत. आपल्या धंद्यास योग्य आज्ञावली न मिळाल्याने त्यांनी ती आपला मुलगा भरत गोएंका यांच्याकडून तयार करवून घेतली. १९८६ मध्ये सुरू झालेली ही आज्ञावली पुढे ‘टॅली’ या नावाने देशभर पसरली. साठा, खरेदी-विक्री व करआकारणी यांसाठी ती उत्तम आहे. पण जो कारागीर चार तारा व थोडा नमदा एवढाच साठा बाळगतो, त्याने केवळ प्रतिष्ठेपायी ती घ्यावी असे नाही.

१ जुलै २०१७ रोजी लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने पुष्कळ लहान व्यावसायिक घाबरून आज्ञावल्या विकत घेऊ लागले. वास्तविक सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्यास महाराष्ट्रात सामान्यतः नोंदणी सक्तीची नाही. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे मिळकतीची बरीचशी नोंद बँकेच्या खात्यात आपोआप होऊ लागली, हा खरा मोठा बदल होय. उधारीची आठवण देणाऱ्या ‘खाताबुक’सारख्या भ्रमणध्वनीवरील आज्ञावल्या त्यानंतरच्या. जुन्या खतावणीचीच ती आवृत्ती आहे; वाद्य तिच्यातही नाही.

अमेरिकेत ‘गझेल’ ही खास पियानो तंत्रज्ञांसाठी केलेली आज्ञावली ही उणीव भरून काढते. तिच्यात गिऱ्हाइकाबरोबर वाद्याची नोंद, मागील कामाचा इतिहास व पुढील भेटीचे स्मरणपत्र यांची सोय आहे. मात्र तिचे शुल्क परदेशी चलनात व मुदतीने भरावे लागते. आपल्याकडील एकट्या कारागिरास प्रत्येक वाद्यास एक ओळ देणारा साधा संगणकीय तक्ता, दिनदर्शिका आणि बँकेचे खातेपत्रक एवढ्यावर काम भागविता येते. कोणतीही आज्ञावली निवडताना सर्व नोंदी दुसऱ्या तक्त्यात उतरवून घेता येतात की नाही, हे किंमतीच्याही आधी पाहिले पाहिजे. कारण शुल्क थांबल्यावर किंवा ती बनविणारी कंपनी बंद पडल्यावर नोंदीही दुरावण्याचा संभव असतो. कागदी टाचणवही निदान वारसाच्या हाती पडते.