चाकांतला रोग

गावच्या घराचा माळा आवरताना आईच्या मामांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक इंजिन. चावीचं, मरून रंगाचं, हॉर्नबी कंपनीचं. (मुंबईकरांना आठवणारा हॉर्नबी रोडवाला गव्हर्नर वेगळा!) रंग जवळजवळ शाबूत. टेबलावर ठेवायला उचललं आणि एका चाकाची कड बोटांत आली, ओल्या बिस्किटासारखी.

मला वाटलं गंज. पण पत्र्याला गंज नाही आणि चाकांचाच भुगा? मग दोन वीकेंड वाचनात गेले.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलं. १९२० पासून त्याच्या कंपनीने आगगाड्या काढल्या. रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर, अंग पत्र्याचं, पोटात घड्याळासारखी स्प्रिंग. पुढे चाकांसारखे भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतले जाऊ लागले. हा धातू साधारण ३८० अंशांना वितळतो, पोलादी साच्यात दाबाने भरता येतो आणि एकाच साच्यातून हजारो नग निघतात. स्वस्त आणि मस्त.

गडबड इथेच होती. जस्तात शिसं किंचित जरी मिसळलं, तरी ते धातूच्या कणांच्या सीमांवर जमा होतं. दमट हवेत तिथून आतल्या आत क्षरण सुरू होतं. भाग फुगतो, तडे जातात, शेवटी चुरा होतो. किंचित म्हणजे किती? आज अशा ओतीव भागांत शिशाची मर्यादा ०.००५ टक्के आहे, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम! याचं कारण अमेरिकेत १९२३ मध्येच कळलं होतं. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारलेला मिश्रधातूही आणला. पण शुद्ध माल विकत आणून भागत नाही, भट्टीत दुसरं काही पडू न देणं हे रोजचं काम. युद्धापूर्वीच्या हॉर्नबीच्या चाकांत आणि त्याच कारखान्याच्या डिंकी मोटारींत हा रोग भरपूर आढळतो.

थोडक्यात, आमचं इंजिन माळ्यावर म्हातारं होऊन मोडलं नाही. बग पहिल्या दिवसापासून आत होता. ओलाव्याने फक्त तो बाहेर काढला. यावर औषध नाही. हा रोग एका खेळण्यातून दुसऱ्यात पसरत नाही, एवढंच समाधान.

बाबांचं म्हणणं, "चाकं बदल आणि मस्त रंग मारून घे, नवंकोरं दिसेल." अर्धं पटलं. चाकांचा इलाज नव्हता. आधी स्प्रिंग पूर्ण उतरवली (ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फोडते), फुगलेली चाकं ओढून काढली आणि नव्याने ओतलेली बसवली. आसांना सुईच्या टोकाने एकेक थेंब पातळ तेल. रंगाला मात्र हात लावला नाही. ओलसर फडक्याने हलकेच धूळ टिपली, बस्स. थिनर लावला असता तर अक्षरं गेली असती आणि त्याबरोबर कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातचं काम. छपराजवळ एक पोचा आहे. मामाआजोबांनी लहानपणी ते जिन्यावरून सोडलं होतं, असं आई सांगते. तो पोचा ठोकून सरळ केला असता तर आईच्या गोष्टीला पुरावा काय उरला असता?

ऑफिसात जुना कोड बदलताना आपण काय बदललं ते लिहून ठेवतोच ना? इथेही तेच. जुन्या चाकांचा चुरा एका बाटलीत भरलाय, सोबत तारखेची चिठ्ठी: 'चाकं नवी, बाकी सगळं मूळचं.' डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि डबा आता माळ्यावर नाही, कपाटात.

रविवारी चावी दिली. इंजिन फरशीवरून चार फूट गेलं आणि सोफ्याला धडकलं. बाबा पुन्हा रंगाचं बोलले नाहीत. चावी मात्र त्यांनीच मागितली.