शिवारफेरी व विद्यार्थ्यांचे हातनकाशे

महाराष्ट्राच्या जुन्या दप्तरांत गांवशिवेच्या तंट्यांचे महजर व चतुःसीमेचे कागद विपुल आढळतात. ओढा, टेकाड, वडाचें झाड, पुरलेला धोंडा अशा खुणांनीं त्यांत सीमा सांगितलेली असते. जाणत्या माणसांनीं शीव चालून दाखवावी व गोतानें ती मान्य करावी, अशी ही रीत. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनीं परिसर पाहून काढावयाचे नकाशे याच कुळांतले होत, व त्यांची गणना साधनांत झाली पाहिजे, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोसले वारले, पुढील वर्षीं नागपूरचें राज्य खालसा झालें व चांदा इंग्रजी अमलाखालीं आला. मेजर ल्यूसी स्मिथ याचा १८६९ चा जमाबंदीचा अहवाल संशोधकांस परिचित आहेच. परंतु जमाबंदीचा रोख साऱ्यावर. ज्या जमिनीवर सारा नाहीं तिच्या बारीकसारीक नांवांचें तिला फारसें प्रयोजन नव्हतें.

शिक्षणाच्या बाजूनें पाहतां, शेजारच्या वर्ध्यास २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. तींतून निघालेल्या झाकिर हुसेन समितीनें आंखलेल्या अभ्यासक्रमांत परिसराचें निरीक्षण व नकाशे काढणें यांस स्थान होतें. भूगोल पाठ करण्याऐवजीं पाहून शिकावा, असा हा विचार.

त्यास या प्रांताइतकी अनुकूल भूमि क्वचित् असेल. चांद्याच्या गोंडकालीन परकोटास जटपुरा उत्तरेस, पठाणपुरा दक्षिणेस, अंचलेश्वर पूर्वेस व बिनबा पश्चिमेस, असे चार दरवाजे आहेत. मुलांस दिशा शिकविण्यास याहून निराळें साधन नको. पूर्वेस झरपट व पश्चिमेस इरई वाहते. ब्रह्मपुरी-नागभीडकडे मालगुजारी तलाव आहेत. त्यांची पाळ चालून पावलें मोजावीं, सांडवा कोठें व पाणी कोणत्या बांध्यांत उतरतें हें पाहावें, शंभर पावलांस एक इंच असें प्रमाण धरून कागदावर मांडावें, म्हणजे उतार, माती व भातशेती यांचा संबंध आपोआप उलगडतो. चैत्रांत कोरडा दिसणारा नाला श्रावणांत वाट अडवितो. म्हणून नकाशावर तिथि हवीच.

अशा माहितीचें मोल केवळ शाळेपुरतें नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवानें अभ्यासगटांतून आपल्या जंगलाचा अभ्यास केला. २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. हें उदाहरण प्रौढांचें खरें. पण वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांनीं कोणता पुरावा ग्राह्य धरिला आहे तें पाहावें : नकाशे, विहिरी, बांध, दफनभूमि, देवस्थानें, व वृद्धांचें लेखी निवेदन. जुन्या महजरांत गोतापुढें जें येई तेंच येथें कायद्यापुढें येतें. मुलगा आजोबांस विचारून पहाडीचें वा डोहाचें गोंडी नांव आपल्या नकाशांत घालतो, तेव्हां तोही नकळत हेंच काम करीत असतो.

तथापि असे कागद परीक्षेनंतर रद्दींत जातात. बखरीचें एक पान हरवलें तर दुसरी प्रत मिळण्याची आशा असते. केवळ वृद्धांच्या तोंडीं असलेल्या नांवाची दुसरी प्रत नसते. यास्तव संग्राहकांनीं आपापल्या गांवच्या शाळेंतील असे नकाशे मागून घ्यावे; प्रत्येकावर गांव, तिथि, प्रमाण व नांवें सांगणाऱ्याची नोंद करवून घ्यावी; आणि गोंडी व माडिया नांवें उच्चाराप्रमाणें, मराठी वळण न देतां, जशींच्या तशीं राखावीं. अंतरें चुकलेलीं असलीं तरी नकाशा टाकूं नये. अंतर पुन्हा मोजतां येतें.