पॉवर-ऑन सेल्फ-टेस्ट

पॉवर-ऑन सेल्फ-टेस्ट, संक्षेपाने पोस्ट, ही संगणक चालू होताच त्याने स्वतःच्या घटकांची केलेली प्राथमिक तपासणी होय. मदरबोर्डवरील चिपमध्ये साठविलेले बायोस किंवा यूईएफआय हे फर्मवेअर ही तपासणी करते. ती पार पडल्यावरच ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होते. नव्याने जुळविलेल्या संगणकाचे पंखे फिरत असूनही पडदा काळाच राहिला, तर पोस्ट अपूर्ण राहिलेली असते किंवा ती पूर्ण होऊनही चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचत नसते. या दोन शक्यतांमधील भेद ओळखणे ही निदानाची पहिली पायरी आहे.

कार्यपद्धती

वीजपुरवठा स्थिर झाल्यावर प्रोसेसर फर्मवेअरमधील सूचना वाचू लागतो. त्यानंतर रॅम, ग्राफिक्स आणि साठवणुकीची साधने कार्यान्वित केली जातात. ग्राफिक्स कार्यान्वित होईपर्यंत संगणकाला पडद्यावर काहीही दाखविता येत नाही. म्हणून त्यापूर्वीचा दोष ध्वनीने, दिव्याने किंवा सांकेतिक अंकांनी कळवावा लागतो.

इतिहास व संकेत

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये एक लहान बीप म्हणजे तपासणी यशस्वी, तर एक लांब व दोन लहान बीप म्हणजे चित्रविषयक कार्डात दोष, असे संकेत होते. १९८४ च्या पीसी/एटीपासून तपासणीच्या टप्प्यांचे संकेतांक एका ठरावीक पोर्टवर पाठविले जाऊ लागले. ते वाचण्यासाठी पोस्ट कार्ड हे उपकरण वापरतात. बीपचे संकेत उत्पादकानुसार बदलतात. त्यामुळे मदरबोर्डची पुस्तिकाच प्रमाण मानावी. अलीकडील अनेक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट असे चार दिवे असतात. तपासणी जेथे अडते, तेथील दिवा पेटलेला राहतो.

पडदा काळा राहण्याची कारणे

* ग्राफिक्स कार्ड बसविलेले असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डला जोडणे.
* प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसणे. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असलेल्या कोअर प्रोसेसरांना आणि एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्ससारख्या प्रोसेसरांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते.
* मदरबोर्डची २४ पिनांची मुख्य जोडणी केली, पण प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी राहून जाणे.
* रॅम खाचेत पूर्ण न बसणे. चार खाचांच्या मदरबोर्डावर दोन पट्ट्यांसाठी बहुधा प्रोसेसरपासून दुसरी व चौथी खाच सुचविलेली असते.
* फर्मवेअर प्रोसेसरपेक्षा जुने असणे. २०१८ मधील बी४५० मदरबोर्डाचे फर्मवेअर अद्ययावत केल्याविना २०२० मधील रायझन ५००० मालिका त्यावर चालत नाही.

डीडीआर५ रॅम असलेला संगणक प्रथमच सुरू होताना रॅमचा वेग व वेळा जुळविण्यात काही मिनिटे जाऊ शकतात. त्या अवधीतील काळा पडदा हा दोष नव्हे; घाईने वीज तोडल्यास ही प्रक्रिया पुन्हा आरंभापासून करावी लागते.

निदानाचा क्रम

प्रथम मॉनिटर, त्याची केबल व निवडलेले इनपुट तपासावे. मग वीजपुरवठा बंद करून प्लग काढावा आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी व आवश्यक असल्यास ग्राफिक्स कार्ड एवढेच ठेवून संगणक सुरू करावा. तो सुरू झाल्यास उरलेले भाग एकेक करून जोडावेत. दरवेळी एकच बदल केल्याने दोषाचे स्थान निश्चित होते. तरीही यश न आल्यास पुस्तिकेनुसार सीमॉसमधील नोंदी पूर्ववत कराव्यात आणि मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पाहावा. चुकीच्या जागी राहिलेला आधारस्क्रू मदरबोर्डाच्या मागील बाजूस शॉर्टसर्किट घडवू शकतो. सुट्या भागांना हात लावण्यापूर्वी अंगावरील स्थिर विद्युत काढून टाकावी. वीजपुरवठ्याचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरांत घातक विद्युतभार उरू शकतो.

मर्यादा

काळ्या पडद्यावरून कोणता भाग सदोष आहे हे ठरत नाही. क्रम सोडून अनुमान केल्यास सुस्थितीतील मदरबोर्ड किंवा प्रोसेसर परत पाठविला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. उलट, पोस्ट यशस्वी झाली म्हणजे सर्व घटक निर्दोष आहेत, असेही सिद्ध होत नाही. ही तपासणी अल्पकाळाची असल्याने रॅममधील तुरळक चुका किंवा तापमान वाढल्यावर उद्भवणारे दोष तिच्यातून निसटू शकतात. त्यांसाठी दीर्घकाळ चालणाऱ्या स्वतंत्र चाचण्या कराव्या लागतात.