तळटीप १४ : देवभात

१४. देवभात : पेरल्यावाचून उगवणारे रानभात, संस्कृत वाङ्मयातील ‘नीवार’. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून त्या दिवशी याच्या तांदळाला मान. तळेघरच्या आजीने लोंब्या पिकण्याआधीच जुडीने बांधल्या, याचे कारण असे : खाचरातल्या भाताचा दाणा झोडपेपर्यंत लोंबीला धरून राहतो, याचा पिकला की एकेक गळतो आणि लांब, खरखरीत कुसळाच्या जोरावर चिखलात रुततो. माणसाने हजारो वर्षे न गळणाऱ्या लोंब्या बियाण्याला ठेवल्या, त्यातून लागवडीचे भात घडले; रानात मात्र गळणाराच टिकला. पाण्याप्रमाणे याचे दोन प्रकार झाले. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यातला बी टाकून वर्षात मरतो (ओरायझा निवारा), बारमाही पाण्यातला ठोंबाने तगतो (ओरायझा रुफिपोगॉन). याला निव्वळ तण समजणे अन्यायाचे आहे. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या, १९७६ साली आलेल्या ‘आयआर ३६’ वाणात भात खुरटवणाऱ्या एका विषाणूला तोंड देण्याची ताकद आली, ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या नीवाराच्या बियांतून.